रक्तवाढीच्या गोळ्या, सिरप आणि सलाईन: नाशिकच्या काउंटरवर काय घ्यावं, काय सोडावं

गोळे कॉलनीतल्या होलसेल दुकानांपासून सिडको-सातपूरच्या गल्लीतल्या मेडिकलपर्यंत कुठेही जा. ‘रक्तवाढीचं काहीतरी द्या’ म्हटलं की तीनच गोष्टी पुढे येतात: तपकिरी सिरपची बाटली, दहा गोळ्यांची चकचकीत स्ट्रिप आणि प्रोटीन पावडरचा डबा. आशाताईंकडे फुकट मिळणारी लाल गोळी या रांगेत नसते, कारण तिच्यावर कुणाला मार्जिन नाही. निकाल आधीच सांगून टाकतो. लोहाच्या कमतरतेने झालेल्या रक्तक्षयात बहुतेकांना ती लाल गोळीच पुरते. जिला ती पुरत नाही, तिला सहसा महागडी गोळीही पुरत नाही. तिला नवं निदान तरी हवं असतं, नाहीतर शिरेतून लोह.

विषय किरकोळ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांचं हिमोग्लोबिन कमी निघालं. म्हणजे हे औषध जवळपास प्रत्येक घरात कधी ना कधी येतंच. प्रोटीनचा डबा इथेच बाजूला ठेवू. त्यातल्या लोहावर रक्तक्षयाचा उपचार होत नाही.

लेबलवर नेमका कुठला आकडा

स्ट्रिपवर ठळक छापलेले मिलिग्रॅम पुष्कळदा क्षाराचे, म्हणजे लोहाच्या संयुगाचे, असतात, नुसत्या लोहाचे नाहीत. आपल्याला हवा तो आकडा ‘एलिमेंटल आयर्न’ या शब्दांजवळ, बारीक अक्षरांत असतो. फेरस फ्युमरेटच्या वजनात सुमारे ३३ टक्के लोह असतं, कोरड्या फेरस सल्फेटमध्ये ३२ टक्क्यांच्या आसपास, पाणीयुक्त सल्फेटमध्ये २० आणि फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२. त्यामुळे ३०० मिग्रॅ ग्लुकोनेटची जाडजूड गोळी घेतली तरी पोटात जातं ३६ मिग्रॅ लोह. लिवोजेन या ब्रँडच्या गोळीवर १५२ मिग्रॅ फेरस फ्युमरेट लिहिलेलं असतं, त्यातलं लोह ५० मिग्रॅ. फेरस ॲस्कॉर्बेटच्या गोळ्यांवर मात्र बहुधा थेट लोहाचाच आकडा असतो, म्हणून ‘१००’ आणि ‘१५२’ शेजारी ठेवून १५२ वाली जोरदार समजणं चूक.

दुसरी गोष्ट म्हणजे सोबत काय मिसळलंय ते. फोलिक ॲसिड चालेल. बी-१२ शाकाहारी घरात उपयोगी, पण सिरपमधले काही मायक्रोग्रॅम खरी कमतरता भरून काढायला पुरत नाहीत. एकाच गोळीत लोहासोबत कॅल्शियम असेल तर ती परत करा. दोघं आतड्यात एकमेकांच्या वाटेत येतात आणि हरतं ते लोह.

फुकटची लाल गोळी

६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस द्यायची असते. हा झाला प्रतिबंध. रक्तक्षय निघालाच, पण तीव्र नसेल, तर रोज दोन गोळ्या, म्हणजे १२० मिग्रॅ. महिन्याने एचबी (हिमोग्लोबिन) पुन्हा पाहायचं. किमान १ ग्रॅमने वाढलं नसेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, असा सरकारी नियमच आहे. खासगीत हीच पायरी सर्रास गाळली जाते: गोळी लिहून दिली, तीन महिन्यांनी बघू.

शाळेत १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी ताकदीने लाल गोळीसारखीच. ५ ते ९ वयाची गुलाबी गोळी ४५ मिग्रॅ लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची. घोळ इथे होतो की मुलीचं एचबी ९ असतानाही ‘शाळेत गोळी चालू आहे’ म्हणून घरचे निवांत राहतात. आठवड्याची गोळी कमतरता होऊ नये म्हणून असते. झालेली कमतरता तिने भरत नाही.

उणी बाजूही आहे. मळमळ, तोंडाला धातूची चव, पोटात कळ, बद्धकोष्ठ हे त्रास होतात. सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत मिळाल्या तर घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवा. पावसाळ्यात ओल लागून आवरण तडकलं की वास आणि चव दोन्ही असह्य होतात, आणि बाई गोळी घेणं सोडते. शी काळी होणं अपेक्षितच आहे. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची काळी शी आणि सोबत चक्कर असेल तर तो पोटातला रक्तस्राव असू शकतो. गोळीवर ढकलून बसू नका.

मिळते कुठे? उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, त्र्यंबक रोडवरचं जिल्हा शासकीय रुग्णालय, महापालिकेची बिटको आणि झाकीर हुसेन रुग्णालयं. गरोदर बाईला दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणीही मोफत असते, तेव्हा एचबी आणि गोळ्या एकाच फेरीत होतात. गुण द्यायचे तर दहापैकी नऊ. एक कापला तो मळमळीचा.

विकतच्या गोळ्या

फेरस ॲस्कॉर्बेट १०० मिग्रॅ हा सध्या प्रिस्क्रिप्शनवरचा राजा. ऑरोफर एक्सटी हे त्यातलं घरोघरी माहीत असलेलं नाव. काम चांगलं करतं, काहींना सल्फेटपेक्षा पोटाला सोसतं. पण स्ट्रिप शंभर रुपयांच्या पुढे जाते आणि कोर्स चार-सहा महिन्यांचा असतो, हा हिशेब पहिल्याच दिवशी करायला हवा. दोन महिन्यांत परवडेनाशी झालेली महाग गोळी ही अर्धवट उपचाराची गोळी. सल्फेट सोसत नसेल आणि खिसा परवानगी देत असेल तर घ्यावी: आठ गुण. तोच घटक जनऔषधी केंद्रात मिळाला तर ब्रँडसाठी हट्ट धरायचं कारण नाही.

फ्युमरेट हा मधला, स्वस्त आणि विश्वासू पर्याय. त्यालाही आठ.

आयर्न पॉलिमाल्टोज चवीला गोड, पोटाला सौम्य, जेवणाबरोबर चालतं, म्हणून सिरपमध्ये फार खपतं. ते सौम्य वाटण्याचं एक कारण हेही की ते कमी शोषलं जातं. एचबी ७-८ असलेल्या बाईला यावर ठेवणं आम्हाला पटत नाही: पाच. हळूहळू विरघळणाऱ्या टाइम्ड रिलीज कॅप्सूलचा घोटाळा वेगळाच. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि कॅप्सूल पुढे सरकल्यावर लोह सोडते. त्रास कमी होतो हे खरं, पण फायदाही सोबत ओसरतो. चार.

आणि डेक्सोरेंज. महाराष्ट्रात ‘टॉनिक’ म्हटलं की हीच बाटली डोळ्यांसमोर येते. १५ मिलीत १६० मिग्रॅ फेरिक अमोनियम सायट्रेट, म्हणजे सुमारे ३३ मिग्रॅ लोह. दिवसाला दोनदा १५ मिली पूर्ण घेतलं तर एका लाल गोळीइतकं लोह पोटात जातं. पण घरोघरी एक चहाचा चमचा घेतला जातो, जेमतेम ५ मिली, आणि बाटली दोन महिने पुरवली जाते. दोष औषधापेक्षा वापराचा, तरी मोठ्या माणसाने गोळी गिळता येत असताना सिरप का घ्यावं, याला उत्तर नाही. गोळी अजिबात गिळता न येणाऱ्यांसाठी सहा गुण.

काळ्या मनुक्यांबद्दल न बोलता नाशिकमधला आढावा संपणार नाही. रात्री भिजवलेले मनुके सकाळी खा, रक्त वाढतं, हे द्राक्षांच्या या जिल्ह्यात वेदवाक्य आहे. मूठभर मनुक्यांत लोह दोन मिग्रॅच्या आतबाहेर असतं, आणि वनस्पतीतलं लोह शरीर अगदी थोडं उचलतं. बिटाचा नुसता रंगच लाल. नागलीची भाकरी, मेथी, मटकी, लोखंडी कढई, खात असाल तर मटण-कलेजी, हे सगळं जरूर असू द्या, पुढची कमतरता टाळायला मदत होते. पण एचबी ८ वरून १२ वर नेणं ताटाच्या आवाक्यातलं नाही.

घ्यायची कशी

उत्तम शोषण रिकाम्या पोटी: जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी, साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर. सरकारी सूचनेत जेवणानंतर म्हटलेलं असतं ते मळमळ टाळण्यासाठी. त्यात शोषण थोडं घटतं, पण उलटी होऊन गोळी वाया जाण्यापेक्षा ते बरं. चहा-कॉफी आणि गोळी यांत दोन तास अंतर हवंच. चहातलं टॅनिन अन्नातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतं. लिंबू पिळलेली मटकीची मिसळ लोहाच्या दृष्टीने चांगली न्याहारी, पण लगेच मागवलेला कटिंग तिच्यावर पाणी फिरवतो. दूध आणि कॅल्शियमच्या गोळीलाही हेच अंतर. गरोदरपणात दोन्ही गोळ्या चालू असतात, त्या एकाच घोटात घेतल्या जातात आणि मग ‘गोळी लागू पडत नाही’ अशी तक्रार येते. कॅल्शियम सकाळी जेवणासोबत, लोह रात्री झोपताना, इतकं केलं तरी पुरे.

थायरॉईडची गोळी आणि लोह यांत चार तास ठेवा. रोज पॅन्टोप्राझोल किंवा तत्सम ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर लोह कमी शोषलं जातं. ती खरंच लागते का, हे डॉक्टरांना विचारा. सोबत वेगळी व्हिटॅमिन सीची गोळी विकत घेण्याची गरज नाही. चीनमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने काही जास्तीचा फायदा दाखवला नाही.

एक दिवसाआड घेतली तर? लोहाचा डोस घेतला की यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढवतं आणि ते पुढचा सुमारे दिवसभर आतड्याचं दार अर्धवट लावून घेतं. झुरिचच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की एक दिवसाआड दिलेल्या गोळीतला शोषला जाणारा वाटा रोजच्या गोळीपेक्षा मोठा असतो. म्हणून दिवसातून दोन-तीनदा विभागून गोळ्या देण्याची जुनी पद्धत आता सोडायला हवी: जो काही डोस असेल तो एकदम, एका वेळी. सौम्य कमतरता आणि पोटाचा त्रास असेल तर एक दिवसाआड हा उत्तम तोडगा. गरोदरपणात मात्र वेळ मोजका असतो, तिथे रोजच.

गोळी लागू पडली हे कळतं लवकर. आठ-दहा दिवसांत रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोवळ्या तांबड्या पेशी, वाढतात, चार आठवड्यांत एचबी १ ते २ ग्रॅमने चढतं. एचबी १२ झालं म्हणून त्याच दिवशी थांबू नका. तेव्हा फक्त रक्त भरलेलं असतं, साठा रिकामाच असतो. पुढे आणखी तीन महिने गोळी चालू ठेवा, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा तीच थकव्याची आणि धापेची तक्रार.

लॅबची पॅकेजेस: कुठे पैसे घालावे

शिबिरात बोट टोचून काढलेलं एचबी चाळणी म्हणून ठीक. बोट जोरात पिळलं की पेशींभोवतालचं पाणी मिसळून आकडा खोटाच खाली येतो. पहिला थेंब पुसून, न पिळता आलेला पुढचा थेंब घ्यायला हवा. उपचार ठरवायचा तर शिरेतून रक्त काढून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची पूर्ण मोजणी. गरोदर नसलेल्या बाईत १२ च्या खाली, पुरुषात १३ च्या खाली, गरोदर बाईत ११ च्या खाली रक्तक्षय.

सीबीसीच्या रिपोर्टात लोक फक्त एचबीची ओळ वाचतात. खरी गंमत खालच्या तीन ओळींत आहे. एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली, एमसीएच (एका पेशीतलं हिमोग्लोबिन) २७ च्या खाली आणि आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) वाढलेला, तर लोहाकडे बोट. आता एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या आकड्याने भागा. एमसीव्ही ६८ आणि पेशी ३.९ दशलक्ष असतील तर उत्तर १७ च्या पुढे: लोहाची कमतरता संभवते. एमसीव्ही ६४ आणि पेशी ५.८ दशलक्ष असतील तर उत्तर ११. तेरापेक्षा कमी उत्तर आलं की थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषाचा, विचार करायचा आणि एचबी-ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) मोजायला एचपीएलसी तपासणी करून घ्यायची. सिंधी, कच्छी, लोहाणा कुटुंबांत तर लग्नाआधीच ती व्हावी. अशा माणसाला वर्षानुवर्षं लोह खिलवून काही होत नाही. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) चांगलं असेल तर लोह टाळायचंच. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आदिवासी पट्ट्यातून आलेल्या रुग्णात सिकलसेलची तपासणीही सोबत हवी.

‘आयर्न प्रोफाइल’ नावाच्या पॅकेजमध्ये सीरम आयर्न, टीआयबीसी, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि फेरिटिन असतं. पैसे कमी असतील तर यातलं एकटं फेरिटिन करा. सीरम आयर्न सकाळ-संध्याकाळ बदलतं, आदल्या दिवशीच्या गोळीनेही फुगतं. त्या एका आकड्यावर निदान करू नये. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे कमतरता नक्की, ३० च्या खालीही बहुतेक डॉक्टर ती धरतात. त्याचा एक दोष: ताप, संसर्ग, संधिवात, यकृताचा आजार असला की ते खोटं वर जातं. म्हणून सोबत सीआरपी, ही शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी. असा दाह असताना ७० च्या खालचं फेरिटिनही कमतरताच समजतात. रिपोर्टवर हिरव्या रंगात ‘नॉर्मल’ छापलंय म्हणून निवांत होऊ नका. कित्येक लॅब स्त्रियांसाठी खालची मर्यादा दहा-बारा छापतात. ७० तपासण्यांच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये फेरिटिन अनेकदा नसतंच. यादी वाचून पैसे द्या.

सगळं करूनही कारण शोधायचं राहिलं तर हा पैसा फुकट. १ मिली रक्तात साधारण अर्धा मिग्रॅ लोह असतं. पाळीत ८० मिली रक्त गेलं तर महिन्याला ४० मिग्रॅ गळालं. दर दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. शेतात अनवाणी काम करणाऱ्यात हुकवर्मसाठी (आतड्यात रक्त शोषणारा जंत) अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ. मूळव्याध आहे का, वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारावं. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या बाईत लोहाची कमतरता निघाली तर गोळीसोबत एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी. पोटाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण कधीकधी एवढीच असते.

सलाईनमधून लोह

गोळी सोसत नाही, शोषली जात नाही, किंवा बाळंतपण तोंडावर आलंय, तेव्हा हा पर्याय. किती लागेल ते मोजता येतं: १५ मधून एचबी वजा करा, त्याला किलोतल्या वजनाने आणि २.४ ने गुणा, त्यात ५०० मिळवा. ५० किलोची बाई, एचबी ७ असेल तर १४६० मिग्रॅ. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिग्रॅ, एक दिवसाआड, म्हणजे सात-आठ फेऱ्या. सिन्नर-दिंडोरीहून एसटीने येणाऱ्या बाईच्या त्या पूर्ण होत नाहीत, तीन फेऱ्यांनंतर फाइल बंद होते. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत १००० मिग्रॅपर्यंत, पंधरा-वीस मिनिटांत जातं, उरलेला डोस आठवड्याने. महाग, पण रोजंदारी आणि प्रवास धरला तर दोन फेऱ्यांचा हिशेब पुष्कळदा बरोबरीत येतो. पहिल्या तिमाहीत दोन्ही नकोत. सलाईननंतर अर्धा तास तिथेच थांबवणारं आणि ॲलर्जीच्या झटक्याची तयारी ठेवणारं केंद्रच निवडा. सुईच्या जागी जळजळ झाली तर लगेच सांगा, औषध बाहेर झिरपलं तर त्वचेवर तपकिरी डाग राहतो. फेरिटिन पुन्हा चार आठवड्यांनंतरच तपासायचं. त्याआधीचा आकडा फसवा असतो.

गरोदर बाईचं एचबी ७ च्या खाली असेल तर घरच्या घरी गोळी हा विषयच नाही, रुग्णालय गाठायचं. ५ च्या खाली तातडीने भरती आणि रक्त. एरवी ‘एक बाटली चढवून टाका’ हा आग्रह सोडा. एका पिशवीने एचबी जेमतेम १ ग्रॅम चढतं.

लहान मुलांचे ड्रॉप्स

उपचाराचा डोस दर किलोला रोज ३ मिग्रॅ लोह. १० किलोच्या बाळाला ३० मिग्रॅ. आशाताईंकडच्या सिरपमध्ये १ मिलीत २० मिग्रॅ असतं, म्हणजे दीड मिली. बाजारातल्या एखाद्या सिरपमध्ये ५ मिलीत ३० मिग्रॅ, म्हणजे पूर्ण चमचा. बाटली बदलली आणि चमचा तोच ठेवला तर एका वेळी १०० मिग्रॅ पोटात जातं. ड्रॉपर जिभेच्या मागच्या बाजूला रिकामा करावा, वरून पाणी पाजावं, नाहीतर दात काळे पडतात. मोठ्यांच्या गोळ्या कुलपात ठेवा. १०० मिग्रॅच्या सहा गोळ्या १० किलोच्या मुलाच्या जिवावर बेतू शकतात. तसं घडलं तर घरी उलटी काढत न बसता रिकामी स्ट्रिप सोबत घेऊन थेट जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. उलट्या थांबून मूल सुधारल्यासारखं वाटलं तरी न्यायचंच. काही तासांनंतरचा तो शांत टप्पा फसवा असतो आणि यकृताला इजा त्याच्या पुढे होते.